फुटपाथवरचं फाटक

शांताबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं ते रस्त्यावर नाही, फुटपाथवर. हे त्या येईल-जाईल त्याला बजावून सांगत, कारण ऐकणारा हमखास विचारायचा, "रस्ता ओलांडून राहिल्या होत्या का?" जणू रस्ता ओलांडणं हा काही गुन्हा आहे आणि तो केल्याशिवाय माणसाचं हाड मोडतच नाही. त्या लाल-पिवळ्या फरश्यांच्या नव्या कोऱ्या फुटपाथवरून, भिंतीच्या कडेकडेनं, पिशवीत अर्धा किलो दोडके घेऊन घरी येत होत्या. मागून मोटरसायकल आली. पोट्ट्यानं हॉर्न वाजवला होता, असं नंतर कोणीतरी म्हणालं. शांताबाई म्हणत, "वाजवला नं! मले पाडून मंग वाजवला."

रायपूर राजधानी होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. राजधानी झाली म्हणून रस्ते रुंद झाले, रस्ते रुंद झाले म्हणून गाड्या वाढल्या, आणि गाड्या वाढल्या म्हणून रस्ते पुन्हा होते तसे अरुंद झाले. बूढापारा मोहल्ल्यातून चौकाकडे जाणाऱ्या रस्त्याला फुटपाथ मिळाला तेव्हा पायी चालणाऱ्यांना वाटलं, चला, आपली सोय झाली. मोटरसायकलवाल्यांनाही नेमकं तेच वाटलं. संध्याकाळी पाचनंतर चौकातला सिग्नल तुंबला की साडीच्या दुकानापुढच्या उतारावरून चाक वर चढवायचं आणि चौकाच्या अलीकडे एटीएमसमोरच्या उतारावरून खाली उतरवायचं. मधली दोन-तीनशे पावलं सगळी त्यांच्या बापाची.

हाडात सळई बसली. पाच महिने गेले. डॉक्टर म्हणाले, आता चाला, जितकं चालाल तितका पाय मोकळा होईल. पण शांताबाईंचे यजमान शामराव मध्ये उभे होते. शामराव रेल्वेत एकतीस वर्षं गेटमन होते. बिलासपूर लाइनीवरचं एक फाटक त्यांनी उघडलं आणि लावलं, लावलं आणि उघडलं, आणि एकतीस वर्षांत त्या फाटकावर माणूस सोडा, शेळीसुद्धा गाडीखाली आली नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि खरंच सांगत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी त्यांच्या हातातलं फाटक काही सुटलं नव्हतं. बायको पडल्यापासून त्यांनी ते घराच्या दाराला लावलं होतं.

"आंगनात चाल," ते म्हणत. "बारा पावलं इकडं, बारा तिकडं. मी मोजतो."

शांताबाई अंगणात चालत. शामराव मोजत. असं माणूस किती दिवस सहन करील?

त्यातच आषाढ जवळ आला. वस्तीतल्या बुद्धविहारात आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास बसतो आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी सहाला ग्रंथवाचन होतं. एका दिवसाचाही खाडा चालत नाही. वाचणारी व्यक्ती तीन महिने एकच असते, आणि गेली अकरा वर्षं ती शांताबाई होत्या. त्यांच्या आईनं आयुष्यभर कागदावर अंगठा उठवला होता. शांताबाई चौथीपर्यंत शिकल्या, पण वाचायला बसल्या की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळे मिटून ऐकत आणि लहान पोरं चुळबुळ थांबवत. घर नवऱ्याचं, स्वयंपाकघर आता सुनेचं, देव्हारा तर नव्हताच. हे वाचन मात्र त्यांचं स्वतःचं होतं. ते गेलं तर आपण नुसत्या जेवायला उरलो, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

पौर्णिमेला पंधरा दिवस राहिले तेव्हा विहारातल्या प्रेमलाबाई विचारपूस करायला आल्या. चहा घेतला, पायाची चौकशी केली, आणि मग हळूच म्हणाल्या, "औंदा तुमाले नाही जमलं तं मी वाचीन नं, वहिनी. काही टेन्शन नका घेऊ."

प्रेमलाबाई मनानं चांगल्या, पण त्या वाचायच्या ते रेशनकार्डावरची नावं वाचल्यासारखं. शांताबाई म्हणाल्या, "मी येतो. पौर्णिमेले सहा वाजता."

"येनार कशा पन?"

"चालत."

प्रेमलाबाई गेल्या आणि शामरावांनी तोंड उघडलं. "चालत काहून म्हनून राहिली? ऑटो करू."

"सातशे पावलांसाठी? गल्लीत ऑटोवाला येत नाही, आन आला तं तीन महिने रोज येनार हाय का? आपल्या पोराच्या गाडीवर पाय टाकून बसता येत नाही मले. डॉक्टर म्हनते चाला. तुमी सोडून सारं जग म्हनते चाला!"

शामराव दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "जाशीन तू. मी बंदोबस्त करतो."

बंदोबस्त म्हणजे फाटक. दुसरं काय सुचणार त्यांना! एक लांब बांबू आणला, त्याच्या बुडाला दगड बांधला, लाल-पांढरे पट्टे रंगवले. रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांत सिमेंट भरून खांब उभे केले आणि साडीच्या दुकानापुढच्या उताराजवळ, फुटपाथच्या आडवं, खरोखरचं फाटक तयार झालं. दोर ओढला की बांबू खाली, सोडला की वर. शेजारी स्टूल. गळ्यात जुनी शिटी. लोक हसले, पण काम इतकं नेटकं होतं की हसता हसता कौतुकही करून गेले.

दोन दिवस त्यांनी नुसती तालीम घेतली. साडेपाचला फाटक लावायचं, पावणेसहाला उघडायचं. रात्री जेवताना सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. "थांबते पोट्टे! दोन-चार जन खाली रस्त्यावर उतरून जाते, पन बाकीचे थांबते. विचारते मले, काका, कितने बजे खुलेगा? मी सांगतो, पंधरा मिनिट. घड्याळ पाहते आन उभे राहते."

सून अपर्णा वाढता वाढता थांबली. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण सासरे इतक्या दिवसांनी खुशीत होते, म्हणून तिनं फक्त वरण वाढलं. शांताबाईंना तर काहीच खटकलं नाही. फाटकवाल्याशी संसार केलेली बाई ती, फाटक लागतं आणि उघडतं यात खटकायचं काय?

तिसऱ्या दिवशी त्या निघाल्या. पौर्णिमा आठ दिवसांवर होती. आज विहारापर्यंत जाऊन यायचं, म्हणजे पायाला सवय होईल, असा बेत होता. चार पायांची काठी, इस्त्रीची साडी, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा पायात बाहेरच्या चपला. गल्लीतून फुटपाथवर येऊन त्या फाटकाच्या पलीकडे गेल्या तेव्हा शामरावांनी शिटी फुंकली, बांबू खाली आला आणि तीन मोटरसायकली बांबूपाशी थांबल्या. शामरावांनी बायकोकडे पाहून मान हलवली. शांताबाईंना लाज वाटली, हसू आलं आणि छातीत भरूनही आलं.

त्या पुढे निघाल्या. काठी, पाऊल, काठी, पाऊल. मागे गाड्या वाढत होत्या. तिनाच्या सात झाल्या, सातच्या पंधरा. हॉर्न सुरू झाले. "अरे काका, खोलो ना! निकल गई दादी!" कोणी ओरडलं.

शांताबाई फाटकापासून पन्नास-साठ पावलं पुढे गेल्या होत्या. आणि शामरावांच्या हातांनी एकतीस वर्षं जे केलं तेच केलं. गाडी निघून गेली, रस्त्यावर रांग लागली, लोक बोंबलायला लागले, की दोर सोडायचा. त्यांनी दोर सोडला.

बांबू वर गेल्याचा आणि दगड खाली आदळल्याचा आवाज शांताबाईंनी चांगला ओळखला. तो त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. पाठोपाठ पंधरा इंजिनं एकदम गुरगुरली. त्यांनी मागे वळून पाहिलं. फुटपाथभर गाड्या येत होत्या, दोन-दोनच्या जोडीनं. त्या एका बंद दुकानाच्या शटरला पाठ टेकून उभ्या राहिल्या. पहिल्या गाडीचा आरसा काठीला लागला आणि काठी खडखडत फरशीवर पडली. दुसरी गाडी कचकन ब्रेक दाबून त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मागच्यांनी एकमेकांवर आदळत ब्रेक दाबले.

"आई!"

हेल्मेट वर झालं. भनपुरीच्या रोलिंग मिलचा निळा शर्ट, कपाळावर घाम. त्यांचा स्वतःचा मुलगा, संघर्ष.

शांताबाईंनी हेल्मेटपासून शर्टापर्यंत त्याला न्याहाळलं. मग त्या म्हणाल्या, "तू इथी काहून?"

"आई, वो... सिग्नल पे जाम था ना." संघर्ष मराठी सगळी समजायचा आणि उत्तर हिंदीत द्यायचा. त्याच्या वयाची सगळीच मुलं तशी. "सब इधर से ही निकलते हैं."

"रोज?"

"रोज नहीं. जब लेट होता है."

"तू तं रोजच लेट होतो."

संघर्षनं खाली पाहिलं. मागून हॉर्न वाजत होते. शांताबाईंना त्या क्षणी त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरून रडावंसंही वाटलं. पाच महिने त्या हाड मोडणाऱ्या पोट्ट्याला शिव्या घालत होत्या. त्याच्या आईनं त्याला काय शिकवलं असेल, हेही दर वेळी विचारत होत्या.

संघर्षनं गाडी फुटपाथवर आडवी लावली आणि किल्ली काढून खिशात टाकली. मागच्यांनी शिव्या दिल्या, मग एकेक करून गाड्या फुटपाथच्या कडेवरून आदळत-आपटत रस्त्यावर उतरवल्या. त्यानं काठी उचलून आईच्या हातात दिली आणि दोघं घराकडे परत वळले. फाटकापाशी शामराव उभेच होते. बांबू वर, दोर खाली लोंबकळत, आणि तोंडावर एक थेंब रक्त नाही.

घरी आल्यावर ते पलंगाच्या कडेला बसले. अपर्णानं चहा ठेवला, तो तसाच निवला. मग म्हणाले, "एकतीस वर्सं. आन आज माह्या हातानं झालं असतं."

"तुमच्या हाताची चूक नाही," शांताबाई म्हणाल्या. "रेल्वे फाटक ओलांडते आन निघून जाते. मी कुठी निघून जातो? मी तं त्याच फुटपाथवर पुढं चालून राहिली होती नं. आन दुसरं असं, फाटक उघडलं म्हनजे तुमी त्याइले सांगतलंच की हा रस्ता तुमचा हाय, जरा थांबा फक्त."

शामरावांनी मान डोलावली. "बरोबर हाय. मंग आता तू घरातच राहा. वाचू दे प्रेमलाबाईले."

आणि मग शांताबाईंचा तोल सुटला. चाळीस वर्षांत सुटला नव्हता इतका.

"हाड माह्यं मोडलं, घरात मी. फाटक तुमी चुकीचं लावलं, घरात मी. पोट्टा माहा फुटपाथवरून गाडी हाकते, तरी घरात मीच! मोडनारे सारे बाहेर फिरून राहिले, आन जिले चालाचं हाय ते आंगनात बारा पावलं मोजून राहिली! मी काय गुन्हा केला, सांगा नं मले. सांग रे तू, संघर्ष!"

संघर्ष दाराशी उभा होता. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायला तो बुटाची नाडी सोडत होता, जी आधीच सुटलेली होती.

शामराव हळू आवाजात म्हणाले, "फाटक उघडलंच नाही तं?"

"नका उघडू."

"मंग तू कशी जाशीन? बांबूखालून वाकशीन? लोकं कसे जातीन?"

प्रश्न रास्त होता. शांताबाईंनी निवलेला चहा स्वतःच उचलला, दोन घोट घेतले, आणि मग पेला खाली ठेवून नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"संघर्षचे बाबा, मी तुमच्या फाटकावर कधी थांबली का हो?"

"म्हनजे?"

"इथी येयाच्या आंधी इतकी वर्सं क्वार्टरमध्ये राहिली. फाटकाच्या पल्याड पान्याचा नळ. रोज चार खेपा. कधी तुमी फाटक उघडाची वाट पाहली का मी?"

शामराव विचारात पडले. मग हळूहळू ताठ बसले. "तू तं बाजूनं जात होती. विकेटमधून."

रेल्वेच्या फाटकाच्या कडेला पायी माणसांसाठी एक वाट असते. लोखंडी पाइपांचे दोन आडवे कठडे, एक डावीकडून अर्ध्यावर आलेला आणि दुसरा उजवीकडून, मध्ये थोडी जागा. माणूस डावं-उजवं वळून आरामात जातो. म्हैस अडकते. सायकलवाला शिव्या देत सायकल उचलतो. गाडी येताना दिसली तर गेटमन पायी माणसांना शिटी मारतो, बाकी त्या वाटेला ना दोर लागतो ना माणूस.

"डोक्यावर घागर घेऊन जात होती मी त्याच्यातून," शांताबाई म्हणाल्या. "एक थेंब नाही सांडला कधी."

संघर्षनं आतली एक खाट उचलून गल्लीत नेऊन उभी केली, मग शेजाऱ्यांची दुसरी आणली. दोन्ही खाटा एकमेकींसमोर आडव्या ठेवल्या, एक या भिंतीपासून, एक त्या भिंतीपासून. फुटपाथवर आडवी टाकून आलेली गाडी आणली आणि ढकलत खाटांमधून न्यायला लागला. गेली. खाटा थोड्या जवळ आणल्या. अडकली, पण तिरकी करून गेली. आणखी जवळ आणल्या. आता पुढचं चाक वळलं तरी मागचं अडकून बसलं.

"अब आई, तू जा."

शांताबाई काठी टेकत गेल्या. डावीकडे, उजवीकडे, आणि बाहेर. अपर्णा धावत जाऊन प्रेमलाबाईंच्या सासऱ्यांची चाकांची खुर्ची मागून घेऊन आली आणि त्यात स्वतः बसली. ती अडकली, म्हणून खाटा चार बोटं मागे घेतल्या. आता खुर्ची वळली, मोटरसायकल अडली. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या आणि सल्ले देत होत्या. शामराव गुडघ्यावर बसून टेप लावत होते. "पावनेचार फूट," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बऱ्याच दिवसांनी गेटमनसारखा आला.

"मेरी ही गाड़ी का नाप लेके मेरा ही रास्ता बंद," संघर्ष म्हणाला.

"मंग काय दुसऱ्याच्या पोट्ट्याची गाडी मागाची होती?" शांताबाई म्हणाल्या. तेव्हा कुठे तो हसला.

आता उरली परवानगी. वॉर्डाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, तुळशीराम यांच्याकडे शांताबाई स्वतः गेल्या. शामराव आणि संघर्ष दोन बाजूंना होते. तुळशीरामांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मान हलवत म्हणाले, "माँजी, प्रस्ताव बनेगा, निगम में जाएगा, साहब लोग देखेंगे. टाइम लगेगा."

"किती?"

"दिवाली तक हो जाएगा, हव."

"दिवाळीपर्यंत वर्षावास संपून जाते, भैया," शांताबाई म्हणाल्या. "आन तोपर्यंत कोनाचं हाड मोडलं तं त्याले मी तुमच्याकडंच पाठवीन. पत्ता माहीत हाय मले."

तुळशीराम थोडे हसले आणि थोडे घाबरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते येऊन अर्धा तास साडीच्या दुकानासमोर उभे राहिले. तेवढ्यात एका स्कूटरनं त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर चिखल उडवला, फुटपाथवरच. मग मात्र काम झालं. तात्पुरतं म्हणून लेखी मिळालं, निगमचा, म्हणजे महापालिकेचा, एक इंजिनिअर येऊन मापं तपासून गेला आणि पाइपही दिले. संघर्षनं दोन सुट्ट्या घालवून ओळखीच्या दुकानात कठडे वेल्ड केले. शामरावांनी रंगवले, लाल-पांढरे, अर्थातच. पौर्णिमेच्या तीन दिवस आधी दोन्ही उतारांजवळ ते पक्के बसले. वर तुळशीरामांच्या नावाचा फलक लागला, जो कठड्यापेक्षा मोठा होता. लागू दे, शांताबाई म्हणाल्या, नावानं कोणाचं हाड मोडत नाही.

पहिल्या दिवशी गाडीवाल्यांनी आरडाओरडा केला. दोघा-चौघांनी स्कूटी उचलून पलीकडे ठेवली आणि तेवढ्यात सिग्नल सुटून गेलेला पाहून स्वतःशीच चरफडले. तिसऱ्या दिवशी बरेच जण रस्त्यावरच थांबले. सगळे नाही. पण साडीच्या दुकानासमोर दोन बायका पिशव्या खाली ठेवून निवांत बोलत उभ्या दिसल्या, आणि तिथं असं कोणी उभं राहिलेलं लोकांनी बऱ्याच काळात पाहिलं नव्हतं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी शांताबाईंनी पांढरी साडी नेसली. शामराव आधीच चपला घालून तयार होते.

"तुमी कुठी?"

"मागून येतो. दूर राहीन."

"नाही यायचं."

"मंग कठड्यापाशी स्टुलावर बसतो."

"स्टूल घरात राहीन. आन तुमीबी."

शामरावांनी चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. "पोचली की फोन?"

"विहारात फोन बंद ठेवा लागते." मग त्यांना दया आली. त्या म्हणाल्या, "एकतीस वर्सं तुमी फाटक लावून लोकाइले जाऊ देल्लं. आता न लावता जाऊ द्या एखाद्याले."

दाराची कडी शामरावांनी स्वतः काढली.

पहिला कठडा शांताबाईंनी डावं-उजवं करून पार केला. पुढे मोकळा फुटपाथ होता. सवयीनं त्या भिंतीला चिकटून चालायला लागल्या, आणि दहा पावलांवर स्वतःवरच रागावून मधोमध आल्या. दुपारी पडून गेलेल्या पावसानं फरश्या ओल्या होत्या, म्हणून काठी जपून टेकावी लागत होती. डावीकडे रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते, धूर येत होता. आणि त्या इथं वर, एकट्या, मधून चालत होत्या. एका जागी त्या उगीचच थांबल्या. दम लागला नव्हता, पाय दुखत नव्हता. फक्त थांबता येतं का ते बघायचं होतं. आलं. कोणी हॉर्न वाजवला नाही. त्यांना इतकं बरं वाटलं की त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या, आणि समोरून येणारी एक शाळकरी मुलगी त्यांच्याकडे बघून हसली.

दुसऱ्या टोकाला मात्र वाट अडली होती. एका तरुणानं रस्त्यावरून मोटरसायकल कठड्यात घातली होती आणि ती तिथंच फसली होती. पुढचं चाक एका पाइपात आणि मागचं दुसऱ्याला टेकलेलं. मागे घ्यावी तर हँडल अडत होतं. तो घामाघूम झाला होता.

"किसने लगाया ये?" तो कोणालाच उद्देशून नाही असं चिडून म्हणाला.

"मैंने," शांताबाई म्हणाल्या.

त्यानं वर पाहिलं. पांढरी साडी, चार पायांची काठी, साठीची बाई.

शांताबाईंनी घड्याळ पाहिलं. सहाला सात मिनिटं. पलीकडे जायचं तर आधी ही गाडी निघायला हवी होती. त्यांनी काठी कठड्याला टेकवली, एका हातानं पाइप धरला आणि दुसऱ्या हातानं हँडल. "डावीकडं वळव. लेफ्ट, लेफ्ट. अब पीछे खींच." हँडल वळलं, पण गाडी हलेना. त्यांनी चांगल्या पायावर भार घेऊन ढकललं. त्यानं मागून ओढलं. तिसऱ्या खेपेला गाडी खरवडत सुटली आणि उतारावरून रस्त्यावर गेली. शांताबाईंचे हात काळे झाले होते. त्यांनी ते रुमालाला पुसले.

तरुण ओशाळला होता. "सॉरी माँजी. कहाँ जाना है आपको? बैठिए, छोड़ देता हूँ."

"नको रे बापा," त्या म्हणाल्या आणि काठी उचलून कठड्यातून बाहेर पडल्या.

विहारात पोचल्या तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. सगळ्या बायका बसल्या होत्या. समोरच्या आसनावर प्रेमलाबाई होत्या, चष्मा लावून, मांडीवर ग्रंथ उघडून, पहिल्या ओळीवर बोट ठेवून. शांताबाईंना दारात पाहिल्यावर त्यांनी बोट उचललं. मग त्यांनी शांताबाईंच्या मागे, बाहेर रस्त्याकडे, मान वाकडी करून पाहिलं. तिथं ना ऑटो होता, ना संघर्षची गाडी, ना शामराव.

"कोनं आनून सोडलं, वहिनी?"

"कोनी नाही," शांताबाई म्हणाल्या आणि काठी भिंतीला टेकवून त्यांनी ग्रंथासाठी दोन्ही हात पुढे केले. "मी चालत आली."